खांबेटे बाई आणि जर्मनचा टोप

खांबेटे बाईंवर माझा शेवटपर्यंत पुरता विश्वास बसला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की म्हातारा बाईंची आरती ओवाळायला बसलाय.

आमच्या विहाराचं पुस्तक निघतंय. मंडळातले लोक म्हणाले, सोनावणे, वहिनींवर चार पानं लिहा. वहिनी म्हणजे माझी बायको, गया. मी तीन वेळा बसलो. ‘गया दुपारी गेली’ एवढं लिहितो आणि पुढे हात जात नाही. मग ठरवलं, बाईंवर लिहू. बाईंवर लिहिलं की गया मधे मधे येईलच, आणि मला सरळ तिच्याकडे बघावं लागणार नाही. मी सातवी नापास माणूस. चुकलं तर सुधारून घ्या, पण गोड करू नका.

मी वागळे इस्टेटमधल्या भांड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली. ॲल्युमिनियमची गोल चकती फिरत्या लेथवर लावायची आणि लांब दांडा काखेत दाबून तिला साच्यावर रेटत न्यायची. बघता बघता चकतीचा टोप होतो. ॲल्युमिनियमला आमच्यात जर्मन म्हणतात. ज्या टोपाला पोचा यायचा, ओरखडा पडायचा, तो ज्याचा त्याने घरी न्यायचा अशी आमच्याकडे पद्धत होती. त्यामुळे आमच्या घरात सगळं जर्मन. भाताचा टोप, कालवणाचा टोप, चहाचा टोप, परात, डबे. प्रत्येकाच्या बुडाला मी टोच्याने दोन ठिपके मारलेले, ती माझी खूण. गया शेजारणींना सांगायची, “आमच्या घरात एक भांडं दुकानातलं नाही.” त्याची तिला मोठी ऐट होती.

नव्वद सालच्या पुढेमागे तिचं विसरणं सुरू झालं. आधी मीठ दोनदा. मग गावी बहिणीकडे जायला निघाली आणि खोपटच्या डेपोत भलत्याच एसटीत जाऊन बसली. कंडक्टरने विचारलं, मावशी कुठे जायचं, तर म्हणाली, “गाडी नेईल तिकडे.” वय पंचावन्नसुद्धा नव्हतं. ठाण्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे आजाराचं नाव कळलं, अल्झायमर. आणि तिथेच बाई भेटल्या.

पंचेचाळिशीची उंच बाई. सुती साडी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, शाळेत पी.टी.ला घालतात तसले. साडीवर ते बूट बघूनच मला वाटलं, ह्या बाईचं काहीतरी वेगळं आहे. आमच्या समोर स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “मी औषध देत नाही. ह्यावर बरं करणारं औषध कुणाकडेच नाही. हा आजार कशामुळे होतो ते मी शोधते. त्यासाठी मला ह्यांचं थोडं रक्त लागेल, आणि महिन्यातून एकदा तुमच्या घरी यावं लागेल.”

मी विचारलं, “आणि आम्हाला काय मिळणार?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या डॉक्टरांचे उपचार चालूच राहतील.”

मालक, युनियनवाले, मतं मागायला येणारे, सगळे मला जन्मभर काहीतरी देणारच होते. काही देणार नाही म्हणून दारात येणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. संशय तिथूनच सुरू झाला. पण आमची मुलगी रत्ना, टिटवाळ्याला दिलेली, ती म्हणाली, “बाबा, मुंबईची डॉक्टर घरी चालत येतेय, तुमचं काय जातंय?” मी सही केली.

बाई राहायला डोंबिवलीला. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ठाण्याला उतरायच्या, तिथून बस, आणि मग डोंगराच्या अंगाला आमच्या चाळीपर्यंत चढ चढून यायच्या. खांद्याला पिशवी, हातात रुंद तोंडाचा थर्मास. त्यात बर्फ आणि बर्फात रक्ताच्या नळ्या. चाळीने त्यांचं नाव पाडलं रक्तवाली. शेजारच्या शांताबाई मला म्हणाल्या, “अहो सोनावणे, ही दर खेपेला रक्त नेते, ते जातं कुठे कधी विचारलंत का?”

मी विचारलेलं. बाईंनी सांगितलं, गोठवून ठेवतात. नळीवर गयाचं नाव नसतं, आकडा असतो. नाव कुणाला कळू नये म्हणून. मला ते आवडलं नाही. कारखान्यात माझाही आकडाच होता.

बाईंची एक खोड सांगतो. तोच प्रश्न तीन महिन्यांनी परत विचारायच्या, पण वेगळ्या बाजूने. आधी, “गयाबाईंच्या डोक्याला कधी मार लागलेला?” मी म्हणालो नाही. तीन महिन्यांनी, “चाळीचा जिना फार उभा आहे हो. कधी पडल्या-बिडल्या का?” मी म्हणालो, “बाई, तुम्ही डॉक्टर आहात का पोलीस?”

“संशय घेणं हेच माझं काम आहे,” त्या म्हणाल्या. “तुमचा घेते, इतर डॉक्टरांचा घेते, माझा स्वतःचाही घेते.”

“मग विश्वास कुणावर ठेवता?”

त्यांनी जरा विचार केला. “पेन्सिलवर. खोडता येते.”

दुसरी खोड म्हणजे ‘मला माहीत नाही’. डॉक्टर लोक असं म्हणत नाहीत. ते बघू म्हणतात, प्रयत्न करू म्हणतात. बाई सरळ माहीत नाही म्हणायच्या आणि डोळ्यात बघायच्या. मेंदूत काय होतं ते मात्र त्यांनी मला नीट सांगितलं. मेंदूच्या पेशींच्या मधे एका प्रथिनाचा कचरा साचतो, गटारात गाळ बसतो तसा. आणि पेशींच्या आत दुसऱ्या एकाचे दोरे असतात, त्यांचा गुंता होतो. मग पेशी मरते. मी विचारलं, कचरा का साचतो? म्हणाल्या, मला माहीत नाही. तो गुंता आधी का कचरा आधी? माहीत नाही. मी म्हणालो, मग वीस वर्षं शिकून तुम्हाला माहीत काय आहे? त्या हसल्या. “काय काय माहीत नाही, त्याची यादी माझ्याइतकी नीट कुणाकडे नाही.”

तुम्हाला वाटेल घरात कुणाला तरी झालं असेल म्हणून बाई ह्याच्या मागे लागल्या. मलाही वाटलेलं. विचारलं तर म्हणाल्या, “छे. माझी आई ऐंशीची आहे. तिला सगळं आठवतं. माझे लहानपणचे गुन्हे तारीखवार सांगते.”

पण माझ्या मनात खरी खुपलेली गोष्ट वेगळी. बाई आमच्याकडे चहा घेत नव्हत्या.

गयाला घरात माणूस आलं की चहाचा टोप चढवायचा हे तेव्हाही आठवत होतं. कप पुढे करायची. बाई म्हणायच्या, “नको गयाबाई. ज्या घरातून मी नमुना घेते, तिथे खात-पीत नाही. नियम आहे.” पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. गया कप धरून उभी राहायची, तिला कळायचं नाही. मला कळायचं. मी असले नियम लहानपणापासून बघत आलोय. दर वेळी त्यांना नवीन नाव असतं.

एका खेपेला मी तोंडावर बोललो. “बाई, नियम कुणाचा? तुमच्या प्रयोगशाळेचा का तुमच्या घराण्याचा?”

बाई लाल झाल्या. मला वाटलं आता उठतील. म्हणाल्या, “तुम्हाला संशय यायलाच हवा. तुमच्या जागी असते तर मलाही आला असता. पण तुमच्या समाधानासाठी मी नियम मोडणार नाही. माझ्याच बिल्डिंगमधल्या एका घरात नमुने घेते, त्यांच्याकडेही पीत नाही. ते लोक तर माझ्याशी बोलत नाहीत आता.”

हे खरं का खोटं, मी काय डोंबिवलीला बघायला जाणार होतो? पुढे गेलो, पण ते दुसऱ्या कारणासाठी.

बाईंचं एक काम मात्र मला पटायचं. इस्पितळातले डॉक्टर गयाला विचारायचे, आज तारीख काय, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करा. अहो, हे तिला धडधाकट असतानाही येत नव्हतं. ती शाळेत एक दिवस गेलेली नाही. तिला नापास करून तुम्ही आजार कसा मोजणार? बाईंनी हे पहिल्याच दिवशी ओळखलं. त्या वही उघडून विचारायच्या, “गयाबाई, सुक्या बोंबलाचं कालवण कसं करता, पहिल्यापासून सांगा.” आणि गया सांगायला लागली की प्रत्येक पायरीला एक रेघ ओढायच्या. बोंबील तोडायचे, तव्यावर भाजायचे, धुवायचे, लसूण ठेचायचा, असं. मधेच मुद्दाम चुकवायच्या.

“म्हणजे आधी पाणी उकळायचं आणि त्यात बोंबील टाकायचे ना?”

“अगं पोरी, तुला आईने काय शिकवलं?” गया कपाळाला हात लावायची. “आधी फोडणी. पाण्यात टाकलेस तर कुत्रं खाणार नाही.”

“मी मासळी खात नाही हो.”

“मग विचारतेस कशाला?”

“तुम्हाला येतं का ते बघायला.”

“मला येतं. तुला येत नाही.”

असं म्हणून गया माझ्याकडे बघून हसायची. घरातल्या माणसांची नावं जात होती, पण कालवणाच्या आठ पायऱ्या वर्षभर जागेवर होत्या. आणि नुसतं तोंडाने नाही, करायचीही. मी जवळ उभा राहायचो गॅससाठी, पण तिचा हात बरोबर त्या त्या टोपावर जायचा.

मग तो शनिवार आला. बाई त्यांच्या यादीतले प्रश्न विचारत होत्या. पाणी कुठलं पिता, आईवडिलांना असं काही होतं का, तंबाखू-मिश्री. मान वर न करता विचारलं, “स्वयंपाक कशात करता? जर्मनच्या भांड्यांत?”

शिकलेली बाई ॲल्युमिनियम म्हणेल. ही जर्मन म्हणाली. मला वाटलं हिला कुणीतरी कारखान्यातून सांगितलंय, ही काहीतरी काढायला आलीय. मी म्हणालो, “नाही. स्टीलच्या.”

स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. फळीवर टोपांची ओळ चकाकत होती. बाईंनी तिकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तो रकाना मोकळा सोडला. मी विचारलं, “का विचारता?” म्हणाल्या, “सगळ्यांना विचारते.”

पुढच्या आठवड्यात रत्ना आली. तिने कुठल्याशा पेपरात वाचलेलं. “बाबा, जर्मनच्या भांड्यातून काहीतरी उतरतं म्हणे अन्नात, आंबट असलं की जास्तच, आणि ते डोक्यात साचतं. परदेशात शोधून काढलंय.” ती सहज बोलली आणि पोराचं दूध तापवायला गेली, जर्मनच्याच टोपात. मी तिथेच बसून राहिलो. सव्वीस वर्षं. चिंचेचं कालवण, कोकमाचं सार, सगळं त्यात. मी स्वतःच्या काखेत दाबून काढलेले टोप.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट कळायला हवी होती. मी केलं का हे?

बाईंना विचारण्याची हिंमत नव्हती. पण मनात आलं, ही बाई स्वतः काय वापरते ते बघू. पत्ता त्यांनीच देऊन ठेवलेला, गयाला काही झालं तर म्हणून. मी त्या कामावर गेलेल्या असतील अशा वेळी डोंबिवलीला गेलो. म्हातारीने दार उघडलं. सांगितलं, ठाण्याहून आलोय, गयाबाईंचा नवरा. तिने आत घेतलं, चहा दिला, आणि अर्धा तास मुलीच्या तक्रारी सांगितल्या. “घरातसुद्धा मला सोडत नाही हो. काल काय जेवलीस म्हणून विचारते. मी उलट विचारते, तू काय जेवलीस? तिलाच आठवत नाही.” मी हसलो पण डोळे स्वयंपाकघरात. पितळ, स्टील, काचेच्या बरण्या. जर्मनचं एक भांडं नाही. मी विचारलं, “आजी, जर्मनची भांडी काढून टाकलीत का?” म्हातारी ताठ होऊन म्हणाली, “आमच्याकडे ती कधी नव्हतीच.”

मी विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, बाईंना कळलं तेव्हा त्यांनी आपल्या घरातली आधी काढली आणि आम्हाला सांगितलं नाही. माणूस एकदा संशयाच्या वाटेला लागला की त्याला सगळ्याचा अर्थ एकच दिसतो.

गयाला दोन दिवस रत्नाकडे पाठवलं. भंगारवाल्याला बोलावून सगळी भांडी गोणीत भरून दिली. भाताचा, कालवणाचा, परात, डबे. त्यांच्या जागी नवीन स्टीलची आणून लावली, अगदी त्याच ओळीत. मला वाटलं मी तिला वाचवतोय.

गया आली. पिशवी ठेवली आणि सवयीने आत गेली. फळीपुढे उभी राहिली. हात वर केला, तो तसाच राहिला. मग मागे वळून मला म्हणाली, “अहो, आपण कुणाच्या घरात आलोय? चला, त्यांना बरं वाटणार नाही.”

त्यानंतर तिने गॅसकडे बघितलं नाही. चहासुद्धा नाही.

पुढच्या शनिवारी बाईंनी वही उघडली. गया तीन पायऱ्यांवर थांबली. बाईंनी परत विचारलं, मागून विचारलं, मुद्दाम चुकवलं. गया चिडली नाही, नुसती बघत राहिली. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

“सोनावणे, मागच्या महिन्यात आठ होत्या. हा आजार असा एकदम खाली येत नाही. ताप येऊन गेला का? कुठलं औषध बदललं? घरात काय बदललं?”

“काही नाही.”

“काय बदललं?”

माझी नजर स्वयंपाकघराकडे गेली. बाई उठल्या, आजपर्यंत कधी गेल्या नव्हत्या त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ फळीकडे बघत होत्या. मग मी सगळं सांगितलं. पेपर, डोंबिवली, भंगारवाला, सगळं. मला वाटलं आपल्या घरी चोरून गेला म्हणून संतापतील. त्या फळीवरची नजर न काढता म्हणाल्या, “ह्यांचं डोकं विसरत होतं, हात विसरले नव्हते. हात त्या भांड्यांना ओळखत होते. कुठे पोचा आहे, कुठला कान सैल आहे, त्यावरून पुढचं आठवत होतं.”

समजूत घालणारं एक अक्षर नाही. मग म्हणाल्या, “पण चूक माझी आहे. काही लोक म्हणतात ॲल्युमिनियमचा संबंध असेल, काही म्हणतात नाही. नक्की कुणालाच ठाऊक नाही, म्हणून मी विचारते. हे मी प्रश्नाबरोबरच सांगायला हवं होतं. न सांगता विचारलं.”

मी त्याच दिवशी भंगारवाल्याकडे पळालो. माल कधीच वितळायला गेला होता. कारखान्यातून नवे जर्मनचे टोप आणले. गयाने ते पाहुण्यासारखे बघितले. त्यांना पोचे नव्हते.

वर्षभराने, गया अंथरुणाला लागल्यावर, बाईंनी मला चाळीबाहेर नेऊन विचारलं. “गयाबाई गेल्यावर मला त्यांचा मेंदू हवा आहे.” असंच, आडपडदा न ठेवता. मी त्यांना चालू लागा म्हणालो. त्या गेल्या. दोन महिने आल्या नाहीत, मीही बोलावलं नाही. शांताबाई म्हणाल्या, “बघा, शेवटी तिला हेच हवं होतं. आधी रक्त, मग डोकं. बाहेर देशात विकतात म्हणे.” विहारातले एक वडीलधारे म्हणाले, आपण आत्मा मानत नाही, मग अडचण काय? पण त्यांचाही चेहरा अडचणीतलाच होता.

शेवटी मीच बूथवरून फोन केला. “देतो. दोन अटी. त्यात जर्मन आहे का ते बघायचं. आणि मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायचं नाही.”

पलीकडून म्हणाल्या, “बघेन. पण उत्तर मिळेलच असं नाही.”

गया दुपारी गेली. मी आधी बाईंना फोन केला, मग रत्नाला. ह्याबद्दल रत्ना माझ्याशी बरेच दिवस धड बोलली नाही. इस्पितळात नेलं आणि संध्याकाळच्या आत परत आणलं. आमच्या बायका धास्तावून बघत होत्या की डोक्याचं काय केलं असेल. काही दिसत नव्हतं. पदर डोक्यावरून घेतलेला, डाव्या कानामागे खोचलेला. गया तसाच खोचायची. आमच्यातली कुणी तिथे नव्हती. हे बाईंनी केलेलं. दर महिन्याला येऊन ती बाई पायऱ्या मोजत होती, आणि पदर कुठे खोचते तेही बघत होती. वंदना चालू असताना त्या सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या, बूट काढून, हात जोडून. शब्द येत नव्हते, ओठ गप्प ठेवलेले. मला ते बरं वाटलं. उगाच पुटपुटल्या असत्या तर राग आला असता.

चार-पाच महिन्यांनी त्यांनी प्रयोगशाळेत बोलावलं. दुर्बिणीसारख्या यंत्रात बघायला सांगितलं. मी डोळा लावला. भिंतीला ओल आल्यावर डाग पडतात तसे तपकिरी डाग होते. बाई म्हणाल्या, हाच तो कचरा. जिच्याबरोबर जन्मभर संसार केला तिच्या डोक्यात असं बघायला मिळेल हे कुणाच्या मनात येईल? मी डोळा काढला.

“ह्यात जर्मन कुठाय?”

“मी शोधलं. माझ्या यंत्राला सापडलं नाही.”

“म्हणजे नाही?”

“म्हणजे सापडलं नाही. माझं यंत्र किती बारीक बघू शकतं, त्यालाही मर्यादा आहे.”

“बाई, सरळ सांगा. मी केलं का?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रत्ना म्हणालेली, बाबा, असं मनात आणू नका. डॉक्टर म्हणालेले, छे हो. विहारात म्हणालेले, वेड लागलंय का. सगळे नाही म्हणाले, आणि एकालाही ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, “मला वाटत नाही. पण मला माहीत नाही.”

मी पायऱ्या उतरताना त्यांना मनात शिव्या दिल्या. एक शब्द. एक ‘नाही’ म्हणायला काय जात होतं?

शेवटचं सांगतो. गयाची लुगडी वाटून टाकायला म्हणून मी पेटी उघडली. तळाशी, जाड लुगड्यात गुंडाळलेला, चहाचा टोप निघाला. जर्मनचा, कडेला पोचा, बुडाला दोन ठिपके. मी गोणी भरली त्याच्या आधीच तिने तो कधीतरी लपवलेला असणार, आणि भरायच्या घाईत मला तो नसल्याचं कळलं नाही. त्या दिवसांत ती काहीही कुठेही ठेवायची. विसरून ठेवला असेल. का माझा संशय आला म्हणून ठेवला असेल, ते आता कुणाला विचारणार? आठवडाभर तो तसाच समोर ठेवून बसलो. वापरायची छाती होत नव्हती.

त्याच सुमारास एका शनिवारी दारात कॅनव्हासचे बूट. थर्मास नव्हता. बाई आत येऊन त्यांच्या जागेवर बसल्या आणि पिशवीतून गयाचा फॉर्म काढला. कागद पिवळा पडायला लागलेला. “एक रकाना मोकळा आहे,” म्हणाल्या. “तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला भरता येत नाही.”

मी सांगितलं. जर्मन. सव्वीस वर्षं. आंबट रोज. त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, मला वाचून दाखवलं, बरोबर का विचारलं. मी म्हणालो बरोबर. मग त्यांनी पिशवीतून शाईचं पेन काढलं आणि तीच अक्षरं वरून गिरवली. बाईंना शाईने लिहिताना मी पहिल्यांदा बघत होतो.

मी आत गेलो. तो टोप घेतला, पाणी चढवलं, आलं ठेचून टाकलं. दार मुद्दाम उघडं ठेवलं, त्यांना दिसावं म्हणून. कप पुढे केला. खरं सांगतो, माणुसकी म्हणून नाही. मला बघायचं होतं ती काय करते. आता नमुना नव्हता, गया नव्हती, नियमाचं नाव सांगायला काही उरलं नव्हतं. आणि चहा ज्यातून ओतला, तो टोप तिने बघितला होता.

बाईंनी कप घेतला. घाई केली नाही, देखावाही नाही. सगळा प्यायल्या. एका कपाने काही सिद्ध होत नाही हे मलाही कळत होतं आणि माझ्यापेक्षा त्यांना जास्त. मग उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. टोप अजून गरम होता, तो पदराने धरून उलटा केला. बुडाचे दोन ठिपके बघितले.

“हे तुमचे?”

“माझे.”

“थोडा उरलाय का अजून?”

टोपात घोटभर उरलेला, पण तो त्यांनी टोप उलटा केला तेव्हाच जमिनीवर सांडला होता. बाई ओशाळल्या. तेवढ्या वर्षांत मी त्यांना ओशाळलेलं तेव्हाच बघितलं. मी म्हणालो, “बसा. परत टाकतो.” त्या बसल्या.